फांदी सगळ्यात शेवटी कापा

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला, मृगाच्या दोन सरी पडल्या की नागपुरात सगळ्यांचे हात कात्रीकडे जातात. जरा थांबा. त्या सरींनंतर इथे ऊन पुन्हा तापतं आणि ताजी कलमं दुपारपर्यंत माना टाकतात. आभाळ सलग भरून राहू लागलं, साधारण जुलैचा पहिला आठवडा उजाडला, की छाटकलमं, म्हणजे मुळं फुटण्यासाठी रेतीत रोवलेले फांदीचे तुकडे, लावावीत. तोवरचे दिवस तयारीचे.

आधी रेती. आपली काळी माती वाढलेल्या झाडाला चांगली, पण कलमाला नको. ती पाणी धरून बसते आणि काडी बुडाशी सडते. जाड रेती चाळून दोनदा धुवा, वरून उकळतं पाणी ओता, निथळली की तेवढंच भिजवलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळा. पिशव्यांना तळाशी भोकं हवीतच. जागा हिरव्या जाळीखालची, वारा न लागणारी.

मग रूटिंग हार्मोन, म्हणजे काडीला मुळं फुटायला मदत करणारी पावडर. तिच्यातलं मुख्य द्रव्य आयबीए; डब्यावर ते किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आहे ते वाचूनच घ्या. तगर, अकालिफाच्या कोवळ्या काड्यांना १००० च्या आसपास पुरतं, जास्वंदीच्या अर्धवट जून काडीला २००० ते ३०००, बोगनवेलीच्या जून लाकडाला त्याहून जास्त. डबा फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या उन्हाळ्यात कपाटात राहिलेल्या पावडरीवर माझा भरवसा नाही.

हे सगळं हाताशी आलं की मगच, सकाळी लवकर, फांदी कापा. कळ्या नसलेली, पेन्सिलीएवढी, वीतभर. खाली डोळ्याच्या (जिथून पान फुटतं त्या जागेच्या) लगत तिरका काप, वर सरळ, म्हणजे काडी उलटी लागत नाही. शेंड्याची दोन पानं ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. कण्हेर असेल तर हातमोजे घाला, तिचा चीक विषारी असतो. पावडर झाकणात थोडी काढून घ्या. ओली काडी डब्यात बुडवली की उरलेली पावडर वाया जाते. बुडखा बुडवून हलकेच झटका. रेतीत आधी काटकीने भोक पाडा, नाहीतर खुपसताना पावडर वरच पुसली जाते. बोटांनी रेती दाबून पाणी द्या आणि वरून पारदर्शक पिशवी.

जास्वंद, तगर पोळ्यापर्यंत हलकेच ओढून पाहता येतात. बोगनवेलीला मात्र दसऱ्यापर्यंत हात लावू नका. गेल्या वर्षी हिरवीगार पानं बघून मी एक काडी उपटली; खाली मुळं नव्हती, कापाशी नुसती पांढरट गाठ होती.