ब्लेडचा संग्रह घरी ठेवताय? या चुका टाळा

एका जुलैत रत्नागिरीच्या घरी मी संग्रहातली दाढीच्या ब्लेडची शंभरेक पाकिटं हवाबंद डब्यात भरली, झाकणाला वरून टेप मारली आणि डबा माळ्यावर ठेवून दिला. बाहेरची हवा आत गेली नाही की गंज येणार नाही, असा सरळ हिशेब. दिवाळीत डबा उघडला तर पाकिटांचे कागद मऊ पडलेले, कुबट वास आणि नऊ पाकिटांच्या कडेला तपकिरी रेघ. त्यात आजोबांच्या ट्रंकेतली दोन होती, ती आता पुन्हा कुठून आणणार!

डब्यात खोट नव्हती, भरायची वेळ चुकली होती. कागद हवेतली ओल शोषून घेतो. पावसाळ्यात कोकणातली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते, तेव्हा पाकिटाचा कागद, आतला मेणकागद, पुठ्ठा सगळंच ओल धरून बसलेलं असतं. अशा वेळी झाकण लावलं की ती ओल ब्लेडसकट डब्यात कोंडली जाते. म्हणून कोकणात आणि मुंबई-ठाण्यात डबा भरायचा तो डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दुपारी. नागपूर-अमरावतीकडच्यांनी एप्रिल-मे साधावा. भरताना सिलिका जेल घालायची आणि तीन-चार दिवसांनी ती एकदा बदलायची, कारण पहिली पुडी कागदातली ओल ओढण्यातच संपते.

सिलिका जेलबाबतही हमखास चूक होते. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या जमवून डब्यात टाकायच्या आणि निर्धास्त व्हायचं. त्या पुड्या कधीच्याच पाणी पिऊन टम्म झालेल्या असतात. रंग बदलणारे दाणे घ्या, निळ्याचे गुलाबी किंवा केशरीचे हिरवे होणारे. रंग पालटला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं विषारी क्षार असतं, तेव्हा जेवणाची भांडी आणि स्वयंपाकाचा ओव्हन त्यांना द्यायचा नाही. मी म्हणून केशरीच वापरतो.

डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा, पण तो सांगेल ते डोळे मिटून मानू नका. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, पाण्याचे चार थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. बूच आणि मापक एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. माझा पहिला मापक ६६ दाखवत होता, म्हणजे वर्षभर मी त्याच्या ४५ वर खूश होतो तेव्हा खरी आर्द्रता पंचावन्नच्या घरात असणार. पन्नासच्या खाली राहिलं तर चिंता नाही.

‘स्टेनलेस आहे, गंजत नाही’ हा दुसरा भ्रम. १९०३ साली जिलेटची ब्लेडं विक्रीला आली तेव्हापासून साठच्या दशकापर्यंत बहुतेक पाती कार्बन स्टीलची असायची. विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीच्या स्टेनलेस ब्लेडने बाजार पालटला तो १९६० नंतर. स्टेनलेस पात्यात साधारण १३ टक्के क्रोमियम असतं, पण धार टिकावी म्हणून कार्बनही बराच घालतात आणि तो त्यातलं काही क्रोमियम स्वतःशी बांधून ठेवतो. त्यामुळे खाऱ्या हवेत आणि घामाच्या बोटांनी हेही पातं डागाळतं. लोहचुंबक लावून ओळखायला जाऊ नका, कारण ब्लेडचं स्टेनलेस चुंबकाला छान चिकटतं. पाकिटावर काय छापलंय ते वाचा.

गंजाच्या भीतीने पाकिटावर शिलाई मशीनचं तेल लावणारेही भेटलेत. सुट्या पात्याला पुसट हात ठीक, पण पाकिटात तेल झिरपलं की छपाईवर पारदर्शक डाग पडतो आणि तो जात नाही. आणि संग्रहात बहुतेकदा पात्यापेक्षा वेष्टणच मोलाचं असतं! भारत, अशोक, पनामा, टोपाझ, सुपरमॅक्स ही पाकिटं आपण रंग आणि अक्षरांसाठीच जमवतो ना?

त्या कागदाचे शत्रू घरातलेच. रबरबँड वितळून छपाईला चिकटतो. सेलोटेप पिवळी पडते. उग्र वासाचे पीव्हीसीचे खिसे काही वर्षांत चिकट होतात, त्यापेक्षा टपाल तिकिटांसाठी मिळणारे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकाल तर त्यांची वाफ काही प्लॅस्टिकांना मऊ करते. कोरडा डबा असेल तर कसरही फारशी फिरकत नाही. सलूनवाल्याकडून शंभर ब्लेडचं अख्खं कार्ड मिळालं, वीस पाकिटं लावलेलं, तर ते वेगळ्या डब्यात ठेवा, कारण तो पुठ्ठा सगळ्यांत जास्त ओल धरतो.

माझी अर्धी वेष्टणं सलूनमधलीच आहेत. आमचे तिथले काका ब्लेड कागदासकट मधोमध मोडतात, अर्धं पातं वस्तऱ्यात घालतात आणि कागद माझ्यासाठी डब्यात टाकतात. ते कागद साबणाच्या हाताचे असतात, म्हणून दोन दिवस टिपकागदात दाबून वाळवल्याशिवाय बाकीच्यांत मिसळत नाही.

‘आत पातं ठीक आहे ना’ म्हणून प्रत्येक पाकीट उघडून बघणं टाळा. पातं जेमतेम ०.१ मिलीमीटर जाडीचं, मेणकागदाला मेणाच्या ठिपक्यांनी चिकटवलेलं. जुनं मेण कडक झालेलं असतं, ओढलं की कागद फाटतो नाहीतर बोट. उघडावंच लागलं तर आखूड, बिनधारेच्या बाजूंनी धरा. गंजलेलं पातं आढळलं तर घासत बसू नका, लिंबू-व्हिनेगर तर मुळीच नको. पातं काढून टाका, रिकामं वेष्टण ठेवा. जुना रेझर मांडून ठेवत असाल तर त्यात ब्लेड अडकवून ठेवू नका. ब्लेडवरच्या टोपीखाली पाणी राहतं आणि गंजाचा डाग मुलाम्यावर उतरतो.

काढलेली पाती केराच्या पिशवीत गेली तर ओला-सुका कचरा निवडणाऱ्या ताईंच्या हातात जाणार. मी कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याला वर एक फट पाडून त्यातच टाकतो. भरायला दोन-तीन वर्षं लागतात. मग फटीवर जाड टेप, बाहेर मोठ्या अक्षरांत ‘आत ब्लेड आहेत’, आणि भंगारवाल्याच्या हातात देताना तोंडानेही सांगायचं.