कानातल्या मशीनचा सेल: निवडायचा कसा, टाकायचा कसा, टिकवायचा कसा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. यावल तालुक्यातल्या आमच्या घरी दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. आप्पा ताटावर गप्प. दोनदा भाकरी विचारली, उत्तर नाही. मग त्यांनीच कानातून मशीन काढलं, ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "मशीन बिघडनं. माले काहीच आयकू येत नही."

मशीन धडधाकट होतं. सेल संपला होता, तोही चार दिवसांपूर्वी. ते चार दिवस आप्पा कुणाला न सांगता नुसते आमच्या ओठांकडे बघत होते. त्या दिवसापासून सेलचं काम मी माझ्याकडे घेतलं. जे शिकलो ते इथे लिहितो आहे, कारण कितीतरी घरांत चांगली मशीनं "बिघडली" म्हणून कपाटात डबीत पडून आहेत.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील. हा सेल हवेवर चालतो. त्याच्या आत जस्ताची पूड असते आणि तिला बाहेरच्या हवेतला प्राणवायू मिळाला की वीज तयार होते. म्हणून त्याला झिंक-एअर म्हणतात. अर्धा माल हवेतून मिळत असल्याने आतली बहुतेक जागा जस्ताला मिळते, आणि हरभऱ्याएवढा सेल आठवडाभर पुरतो. सपाट बाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात आणि त्यांवर रंगीत स्टिकर चिकटवलेलं असतं. सेलला श्वास मिळतो तो त्या भोकांतून. स्टिकर आहे तोवर सेल झोपलेला. निघालं की जागा झाला, आणि मग स्टिकर परत चिकटवून तो झोपत नाही.

सेल घेताना

चार मापं असतात आणि प्रत्येकाचा रंग ठरलेला आहे. कंपनी कुठलीही असो, 10 नंबर पिवळा, 312 तपकिरी, 13 केशरी आणि 675 निळा. आजीला नंबर लक्षात राहत नसेल तर रंग राहतो. दुकानात जाताना जुनं पाकीट किंवा संपलेला सेल सोबत न्या. खिशात ठेवायचं, वायरवालं जुनं मशीन असेल तर त्याला हा सेल लागतच नाही, त्यात साधा पेन्सिल सेल चालतो.

पाकिटामागची तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मला एका दुकानातून मुदत उलटलेलं पाकीट मिळालं होतं. सहातले दोन सेल चालूच झाले नाहीत, आणि मी दोन दिवस मशीनलाच दोष देत बसलो. शक्यतो जिथे रोज गिऱ्हाईक येतं अशा ठिकाणाहून घ्या. एकदम वर्षभराचा साठा करू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातलं कपाट भट्टीसारखं तापतं, आणि उष्णतेने बंद पाकिटातला सेलही झिजतो.

घड्याळवाल्याकडचा सेल घेऊ नका. 675 आणि घड्याळ-खेळण्यांतला एलआर44 यांचं माप सारखंच, त्यामुळे तो मशीनमध्ये बसतो आणि थोडा वेळ चालतोही. पण त्याला लागणारा सगळा माल त्याच्या पोटातच भरलेला असतो, म्हणून साठा कमी पडतो आणि तो लवकर संपतो.

सेल टाकताना

हात धुऊन कोरडे करा. हे मी मुद्दाम पहिलं सांगतो. भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन उठलेल्या बोटांवर तेल असतं. ते तेल सेलच्या भोकावर बसलं की हवेची वाट बंद. हातरुमालाने बोटं पुसून भागत नाही.

आता सेल पाकिटातून काढा, सपाट बाजू वर ठेवा आणि स्टिकर सावकाश ओढा. चिकटपणा राहिला असेल तर नखाने खरवडू नका, स्टिकरच्याच चिकट बाजूने टिपून घ्या. मग सेल लगेच आत टाकायचा नाही. भोकं वर ठेवून त्याला ताटलीत कोरड्या जागी पाच मिनिटं राहू द्या. या पाच मिनिटांत हवा आत शिरते आणि सेल पूर्ण ताकदीवर येतो. घाईने टाकला तर मशीन अडखळत सुरू होतं, सेलही कमी दिवस टिकतो. आमच्याकडे चहा उकळायला ठेवला की मी स्टिकर काढतो. आप्पांच्या कपात चहा पडेपर्यंत सेल तयार असतो.

मशीनचं छोटं दार नखाने उघडा. सपाट, भोकांची बाजू ही अधिकची बाजू. दारावर अधिकची खूण असते, ती या बाजूशी जुळवा. दार अलगद बंद झालं पाहिजे. अडलं तर सेल उलटा आहे असं समजा आणि काढून पुन्हा बसवा. जोर लावला की दाराची बिजागरी तुटते, आणि मग खरंच दुरुस्तीला न्यावं लागतं.

चालू झालं का हे बघायला मशीन मुठीत धरा. बहुतेक मशीनं कुईं अशी शिट्टी देतात. काही नव्या मशीनमध्ये ती शिट्टी दाबलेली असते. तिथे कानात घालून, मागून हळू हाक मारून बघा.

काढलेलं स्टिकर फेकू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात चिकटवा. दोन-तीन महिन्यांत तुमच्या मशीनला सेल किती दिवस पुरतो ते डोळ्यांसमोर येतं. ढोबळ अंदाज असा: 10 नंबर तीन ते सात दिवस, 312 आठवड्याच्या आसपास, 13 एक ते दोन आठवडे, 675 त्याहून जास्त. ऐकू कमी येत असेल, मशीन पहाटेपासून रात्रीपर्यंत कानात असेल किंवा मोबाइलचा आवाज थेट मशीनमध्ये येत असेल, तर दिवस कमी होतात. आप्पांचा 13 नंबर साधारण दहा दिवस जातो. म्हणून नवव्या दिवशी मी फोनवर विचारतो, "आप्पा, नवा सेल खिशात आहे ना तुमच्या?"

हे विचारावं लागतं. हा सेल कंदिलासारखा मंद होत जात नाही. शेवटपर्यंत एकसारखा चालतो आणि मग एकदम बसतो. मशीन आधी टूं-टूं करून इशारा देतं, पण त्यानंतर काही मिनिटं मिळतील की काही तास, याचा नेम नाही.

आपली हवा आणि हा सेल

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. भोकांतून हवा आत येते तशी सेलच्या आतली ओलही बाहेर जाते. कोरड्या हवेत सेल सुकतो आणि ठरलेल्या दिवसांआधीच हात टेकतो. पावसाळ्यात उलटं होतं, बाहेरची ओल आत शिरते. कूलरचंही तेच. आप्पा दुपारी कूलरच्या तोंडाशी आडवे व्हायचे, मशीन कानातच. आता आडवं होण्याआधी मशीन काढून डबीत ठेवतात. डबी खिडकीत नाही, कूलरवर नाही, गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. फ्रिजमध्येही सेल ठेवू नका, कारण बाहेर काढल्यावर त्यावर पाणी सुटतं.

रात्री मशीनचं सेलचं दार उघडं ठेवा. मशीनमधला घाम वाळतो आणि वीज वाया जात नाही. ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत मशीन ठेवत असाल तर सेल काढून बाहेर ठेवा, नाहीतर खडे सेलचीही ओल ओढून घेतील. कापूस वेचायला किंवा केळीच्या बागेत जाऊन घामेजून आलं की सेल काढून कोरड्या सुती कापडाने पुसायचा.

एकदा आप्पांच्या बंडीच्या खिशात सुटे सेल, दोन-तीन नाणी आणि चुन्याची डबी एकत्र सापडली. नाण्याला टेकला की सेलची वीज तिथल्या तिथे वाहून जाते. सेल पाकिटातच ठेवायचे.

आवाज तरीही नसेल तर आधी दार नीट लागलंय का बघा, मग कानातल्या साच्यात मळ किंवा नळीत पाण्याचा थेंब आहे का ते तपासा, मग दुसरा नवा सेल टाका. यानंतरच मशीन ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.

चार्जिंगवालं मशीन असेल तर यातलं बरंच लागू नाही. त्यात लिथियमची बॅटरी असते, रोज रात्री चार्ज करायची. वीज जाण्याच्या वेळा लक्षात ठेवा. झिंक-एअर सेल मात्र कधीही चार्ज करायचा नाही.

एक गोष्ट विसरून चालणार नाही

हा सेल गोळीसारखा दिसतो. म्हातारी माणसं तो औषध समजून गिळतात, लहान मुलं नाकात घालतात. गोळ्यांच्या डबीशेजारी सेल कधीच ठेवू नका. गिळला, किंवा नाका-कानात अडकला, तर उलटी करवू नका, खायला-प्यायला देऊ नका, तेलाचे थेंब घालू नका. सरळ दवाखाना गाठा, रात्र असली तरी. सोबत सेलचं पाकीट न्या, डॉक्टरांना नंबर कळतो.

संपलेले सेल चुलीत टाकायचे नाहीत. आमच्याकडे झाकण घट्ट बसणाऱ्या एका बरणीत ते जमा होतात, घरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर. बरणी भरली की मशीन घेतलं त्या दुकानात परत नेऊन देतो.