जुन्या रिमफायर रायफलची नळी उतरवताना या चुका टाळा

जुनी पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफल ब्लूइंगसाठी, म्हणजे पोलादावर गंज रोखणारा निळसर-काळा थर चढवण्यासाठी, उघडली की हात आधी पान्याकडे जातो. पहिली चूक तिथेच होते. अनेक रिमफायर (काडतुसाच्या तळाच्या कडेवर घाव बसून बार उडणाऱ्या) रायफलींच्या नळीला आटे नसतातच. मार्लिन मॉडेल ६० मध्ये नळी रिसीव्हरमध्ये (गोळीबाराची यंत्रणा सामावणाऱ्या चौकटीत) दाबून बसवलेली आणि आडव्या पिनने अडवलेली असते. रूगर १०/२२ मध्ये व्ही-ब्लॉक (इंग्रजी व्हीच्या आकाराचा ठोकळा) आणि दोन स्क्रू तिला धरतात. पिन असलेली नळी पिळली तर पिन वाकते, भोक लांबट होतं आणि मग ती पुन्हा घट्ट बसत नाही. म्हणून रिसीव्हरच्या पुढच्या भागावर तिरका उजेड टाकून पिनचं गोल टोक शोधा. कारखान्यात ते घासून सपाट केलेलं असेल तर चटकन दिसत नाही.

त्याआधी चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. नळीच्या खालच्या ट्यूब मॅगझिनमध्ये एखादं काडतूस अडकून राहू शकतं, तीही पूर्ण मोकळी करा.

पिन काढताना दोन्ही टोकं कॅलिपरने मोजा. निमुळती असेल तर बारीक टोकाकडूनच ठोकायची. मुरणारं तेल रात्रभर ठेवा, सुरुवात आखूड पंचाने करा. पिन हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी खालचा आधार बघा: भोक असलेला ठोकळा पिनच्या अगदी खाली नसेल, तर अर्धा घाव रिसीव्हर हलण्यातच वाया जातो.

पिन निघाली की काही जण चेंबरमध्ये पोलादी सळई घालून ठोकतात. तसं केलं तर काडतुसाची कड जिथे टेकते ती खाच चेपते. नळीच्या मागच्या सपाट तोंडावर पितळी दांडा टेकवून प्रेसने हळूहळू ढकला. रिसीव्हर ॲल्युमिनियमचा असेल तर गरम हवेने थोडा तापवा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे पकड सैल होते. ज्योत मात्र नको.

आट्यांची नळी असेल तर उघड्या जबड्यांच्या शिकंज्यात धरू नका. नळी तेलमुक्त करून लाकडी ठोकळ्यांत राळेची पूड टाकून आवळा. पोकळ, पातळ रिसीव्हर पान्याखाली चेपतो, म्हणून आत घट्ट बसणारा गोल ठोकळा घाला. फिरवण्याआधी जोडावर खालच्या बाजूला बारीक खूण करायला विसरू नका. नळी जरा जरी फिरून बसली तरी एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) आपल्या खाचेत न जाता कडेला आदळतो.

पॉलिश करताना रिसीव्हरमध्ये जाणारा भाग आणि मागचं तोंड टेपने झाका. पहिला घासला तर नळी सैल बसते, दुसरा घासला तर हेडस्पेस बदलतो, म्हणजे काडतुसाची कड टेकते ती जागा आणि चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टचं तोंड यांतलं अंतर. अनुक्रमांकावर पॉलिशची चाकी नेऊ नका. तो पुसणं अनेक देशांत गुन्हा आहे.

गरम ब्लूइंगची कॉस्टिक क्षारांची टाकी साधारण १४० अंश सेल्सिअसला चालते. ती ॲल्युमिनियम खाते आणि मऊ डाखही कुरतडते. दर्शक (नेम धरायची माशी) डाखाने जोडलेला असेल तर रस्ट ब्लूइंग (मुद्दाम गंज आणून तो उकळत्या पाण्यात काळा करण्याची पद्धत) बरं. नळी न काढता पोलादी रिसीव्हरसकट बुडवली, तर फटीत राहिलेला क्षार नंतर झिरपून बाहेर पांढरा थर येतो आणि त्याखाली गंज धरतो.

परत जोडल्यावर एक्स्ट्रॅक्टर काढून हेडस्पेस मोजा. पॉइंट टू-टू लाँग रायफलसाठी ०.०४३ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ०.०४६ इंचाच्या गेजवर नाही. दुसऱ्यावरही बंद होत असेल तर ती रायफल चालवायची नाही, गनस्मिथकडे द्यायची.