सर्व्हर गप्प का बसलाय?

पायथनमध्ये पहिला सर्व्हर लिहिला, चालवला आणि स्क्रीनवर काहीच दिसेना. लगेच कोड खोडायला घेऊ नका. ॲक्सेप्टची, म्हणजे येणारं कनेक्शन स्वीकारणारी ओळ कोणी जोडलं जाईपर्यंत पुढे सरकतच नाही, म्हणजे हा गप्पपणा बिघाड नसूही शकतो. बाइंड (पत्ता आणि पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या दाराचा नंबर, ठरवणं), लिसन (कनेक्शनची वाट बघायला लागणं), ॲक्सेप्ट आणि रिसीव्ह (आलेले बाइट वाचणं) या प्रत्येकाआधी एकेक प्रिंट टाका. शेवटची छापलेली ओळ सांगेल, गाडी कुठे अडली.

आता त्याच कॉम्प्युटरवरून क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडणारा प्रोग्राम, चालवा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा सर्व्हर बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. ताटकळून टाइमआउट झालं तर फायरवॉलवर, म्हणजे कनेक्शन अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर, संशय घ्या. घरच्या कॉम्प्युटरवर चालतंय पण त्याच वायफायवरच्या मोबाइलवरून नाही? मग बाइंडमध्ये बहुधा १२७.०.०.१ असणार, म्हणजे फक्त हाच कॉम्प्युटर. तिथे ०.०.०.० लिहा, म्हणजे बाहेरूनही जोडता येईल.

‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ दिसलं की आधी जुना सर्व्हर दुसऱ्या टर्मिनलमध्ये चालू नाही ना, ते बघा. (माझा नेहमी असतो!) नसेल, तर लिनक्स बंद झालेलं कनेक्शन ६० सेकंद धरून ठेवतं. एक मिनिट थांबा किंवा बाइंडच्या आधी रीयूज-ॲड्रेसचा (तोच पत्ता लगेच पुन्हा वापरू देणारा) पर्याय लावा. पोर्ट १०२४ च्या वरचाच घ्या.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजी निरोप नीट येतात, मराठी पाठवला की कधीकधी डीकोड करताना, म्हणजे बाइटांची पुन्हा अक्षरं करताना, एरर येते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरांचे बाइट करायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘नमस्कार’मध्ये हलन्त आणि काना धरून ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. आणि आपण रिसीव्हला सांगतो, एका वेळी जास्तीत जास्त १०२४ बाइट दे. ३४१ चिन्हांचे १०२३ बाइट होतात, उरलेल्या एका बाइटात पुढच्या चिन्हाचा तुकडा येतो. आकडा वाढवून हे सुटत नाही, कारण टीसीपीला, म्हणजे हे बाइट पोचवणाऱ्या यंत्रणेला, निरोप कुठे संपतो हे ठाऊकच नसतं. त्याच्या लेखी नुसती बाइटांची धार. एक निरोप दोन हप्त्यांत येईल, किंवा दोन निरोप चिकटून येतील. म्हणून प्रत्येक निरोपाच्या शेवटी न्यूलाइन (नव्या ओळीचं चिन्ह) पाठवा, आलेले बाइट साठवत राहा आणि न्यूलाइन सापडल्यावरच तेवढा भाग डीकोड करा.

क्लायंट गेल्यावर लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला, तर लूप तपासा. समोरच्याने कनेक्शन बंद केलं की रिसीव्ह दरवेळी रिकामे बाइट परत देतं, एरर देत नाही. रिकामं आलं की ब्रेक करा.