वातावरणाचे थर शिकवायचे कसे : मापाची पट्टी, आलेख आणि दोन बाटल्या

तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, आयनांबर, बाह्यांबर ही पाच नावं मुलं एका दिवसात पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहूनही येतात. पण ‘स्थितांबर तिथेच का सुरू होतं?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. हे थर उंची मोजून पाडलेले कप्पे नाहीत. वर जाताना तापमानाची दिशा जिथे उलटते, तिथे एक थर संपून दुसरा लागतो (बाह्यांबर तेवढं याला अपवाद). एवढं मुलांना स्वतःच्या हाताने सापडलं पाहिजे. खालचा क्रम सातवी ते नववीसाठी आहे, ४० मिनिटांच्या तीन तासिका लागतात. थरांची नावं दुसऱ्या तासिकेत आलेख पुरा होईपर्यंत फळ्यावर लिहू नका.

पहिली तासिका : मापाची पट्टी

पुस्तकातल्या चित्रात जागेअभावी सगळे थर जवळपास सारख्या जाडीचे दिसतात आणि तेच मनात बसतं. म्हणून सुरुवात मापाने करा. बिलाच्या मशीनचा कागदी रोल घ्या, त्यातून सहा मीटर कागद लागेल. रोल साधा हवा. थर्मल कागद उन्हाने तापलेल्या भिंतीवर काळवंडतो, आणि मार्चनंतर नागपुरात कोणती भिंत तापत नाही!

प्रमाण : १ सेंटिमीटर = १ किलोमीटर. पट्टी व्हरांड्यात जमिनीवर पसरा आणि मुलांनाच खुणा करू द्या. समुद्रसपाटी शून्यावर. नागपूर सुमारे ३१० मीटरवर, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. कळसूबाई १.६ सेंमी, एव्हरेस्ट ८.८ सेंमी, प्रवासी विमान ११ सेंमीच्या आसपास, हवामान खात्याचा फुगा साधारण ३० सेंमी, बहुतेक उल्का जळतात तो पट्टा ८० ते १०० सेंमी, आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सुमारे ४ मीटर. आयनांबराचा वरचा काठ सूर्याच्या सक्रियतेनुसार बदलतो, पट्टीपुरता तो ६ मीटर धरा. बाह्यांबर विरळ होत होत साधारण १०,००० किमीपर्यंत जातं. त्यासाठी एका मुलाला मैदानात १०० मीटर दूर उभं करा.

मग खालचे साडेपाच सेंमी निळे रंगवायला सांगा. वातावरणातल्या एकूण हवेपैकी वजनाने निम्मी हवा त्या एवढ्याशा पट्ट्यात आहे. सहा मीटर कागदापुढे ती निळी पट्टी पाहिली की मुलं स्वतःच प्रश्न विचारू लागतात. इथे घाई करू नका.

नेहमीची चूक : खुणा मोजपट्टीच्या कडेपासून मोजल्या जातात, पट्टीवरच्या शून्यापासून नाही. तळाशी सगळंच मिलिमीटरमध्ये असल्याने नागपूर थेट सातपुड्याच्या वर जाऊन बसतं. ठिकाणांची नावं पट्टीवर न लिहिता बाणाने बाजूला काढा.

दुसरी तासिका : आलेख

आलेख कागदावर उभ्या अक्षावर उंची (१ सेंमी = १० किमी), आडव्या अक्षावर तापमान −१०० ते +४० (१ सेंमी = १०°). आपल्या अक्षांशासाठी अंदाजे आकडे असे द्या :

० किमी : ३०°
५ किमी : ०°
१० किमी : −३३°
१७ किमी : −७८°
३० किमी : −४५°
५० किमी : −३°
८५ किमी : −९०°
१०० किमी : −७८°

बिंदू जोडले की रेषा तीनदा वळते : १७, ५० आणि ८५ किमीवर. प्रत्येक वळणावर आडवी रेघ मारायला लावा आणि आता नावं सांगा. काही पुस्तकांत मध्यांबराला दलांबर म्हटलं आहे, तेही सांगून टाका. तपांबराची सीमा ध्रुवांकडे ८-९ किमीवरच येते. पुस्तकातला आकडा आणि आलेख जुळत नाहीत अशी तक्रार येते, तिचं उत्तर हेच.

नागपुरात सोनेगावच्या विमानतळ परिसरातून हवामान खातं रेडिओसोंड (वर जाताना तापमान मोजून रेडिओने कळवणारं छोटं यंत्र) लावलेला फुगा सोडतं. त्याची नोंद वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्थानक क्रमांक ४२८६७ खाली मिळते. उंची आणि तापमान हे दोनच रकाने घ्या. डिसेंबर-जानेवारीतली पहाटेची नोंद मात्र पहिल्यांदा देऊ नका. रात्री जमीन गार पडल्याने तळाच्या काही शे मीटरांत तापमान उलट वाढताना दिसतं आणि मुलं तिथेच ‘स्थितांबर’ लिहून मोकळी होतात. जुलै-ऑगस्टची नोंद बरी.

रेषा का वळते? तपांबर जमिनीकडून तापतं, म्हणून वर गार. स्थितांबरात ओझोन अतिनील किरण शोषतो, म्हणून वर उबदार. मध्यांबरात तसं तापवणारं फारसं काही नाही. आयनांबरातली विरळ हवा सूर्याचे क्ष-किरण आणि तीव्र अतिनील किरण शोषते.

तिसरी तासिका : दोन बाटल्या

जॅमच्या सारख्या तोंडाच्या चार काचेच्या बाटल्या, खाण्याचा लाल आणि निळा रंग, जाड प्लॅस्टिकचा तुकडा (जुन्या फाइलचं कव्हर चालेल) आणि एक परात. दोन बाटल्यांत सुमारे ५०° चं लाल पाणी, दोनांत बर्फाचं निळं. माठाचं पाणी पुरेसं गार नसतं आणि उकळत्या पाण्याने काच तडकते.

परातीत उभ्या निळ्या बाटलीवर लाल बाटली प्लॅस्टिक धरून उलटी ठेवा, तोंडाला तोंड जुळवा आणि प्लॅस्टिक आडवं, सावकाश ओढा. लाल वर, निळं खाली, दोन्ही पाणी वेगळंच राहतं. हे स्थितांबर : वर उबदार, खाली गार, त्यामुळे उभी ढवळाढवळ नाही. दुसऱ्या जोडीत निळी वर ठेवा. काही सेकंदांत सगळं जांभळं. हे तपांबर, जिथे ढग आणि पाऊस होतो. बाटली काठोकाठ भरली नाही तर आतला बुडबुडा वर चढताना पाणी ढवळतो आणि पहिला प्रयोग फसतो. नववीच्या मुलांना हेही सांगा की हवा वर जाताना प्रसरण पावून गार होते, पाण्यात ते दिसत नाही.

याचा खरा पुरावा विदर्भाच्या आकाशात आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर क्षितिजावर वळवाचा उंच ढग वाढत जातो आणि अचानक त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. साधारणपणे तिथेच तपांबर संपतं. दूरचाच ढग दाखवा. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना आत घ्या.

आयनांबरासाठी रेडिओचं उदाहरण द्या. १९८८ मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर रात्री दूरदूरच्या राज्यांत ऐकू जाई. दिवसा आयनांबराचा खालचा भाग मध्यम लहरी शोषतो. रात्री तो भाग जवळजवळ नाहीसा होतो आणि लहरी वरच्या भागावरून परतून लांब पोहोचतात.

चाचणीला नावं विचारू नका. नावं नसलेला आलेख द्या आणि दोन प्रश्न लिहा : ओझोन नसता तर रेषा कुठे बदलली असती? आणि ४०० किमीवर तापमान हजार अंशांच्या घरात असूनही अवकाशस्थानक वितळत का नाही? दुसऱ्याच्या उत्तरात ‘कण फार विरळ, त्यामुळे पोहोचणारी उष्णता नगण्य’ हे आलं की पूर्ण गुण द्या. ‘तिथे थंडी असते’ असं आलं तर त्या मुलाला पुन्हा पट्टीपाशी न्या आणि निळा रंगवलेला भाग दाखवा.