सायफाय मालिकांवर वाद घालायचा तर: लॉजिक आणि दर्जा वेगवेगळे कसे तपासायचे

मल्टिप्लेक्समधून बाहेर पडल्यापासून रिक्षाच्या रांगेपर्यंत दोनच वाक्यं फिरत असतात: ‘लॉजिकच नाही यार’ आणि ‘सिनेमा आहे, डोकं कशाला लावतोस’. वाद तिथेच संपतो, कारण एकजण कथानकाच्या तर्काबद्दल बोलत असतो आणि दुसरा सिनेमा आवडल्याबद्दल. हे दोन वेगळे खटले आहेत. आधी तर्काचा निकाल लावा, मग दर्जाचा.

सहा ते आठ माणसं, दोन तास आणि एकच प्रश्न एवढं पुरतं. ‘टर्मिनेटर मालिका (भविष्यातून आलेल्या मारेकरी यंत्रमानवांची) भारी की बकवास?’ या प्रश्नावर कितीही बोललं तरी हाती काही लागत नाही. ‘दुसऱ्या भागाने पहिल्या भागाचा नियम मोडला का?’ यावर मात्र निकाल लागू शकतो. तलावपाळीच्या कट्ट्यावर गप्पा छान रंगतात, पण तिथे सीन लावून दाखवता येत नाही आणि अर्धा वाद ‘तो असं म्हणालाच नव्हता’ यावरच अडतो. ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीचा हॉल, टीव्ही आणि एचडीएमआय केबल असली की काम भागतं. रविवार ठरवलात तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आधी बघा. वाशी-नेरुळची मंडळी ट्रान्स हार्बरवर अडकली तर अर्धी बाजू गैरहजर राहते.

कुठली आवृत्ती धरायची हे आदल्या आठवड्यात ठरवा. ‘एलियन्स’ (१९८६) थिएटरमध्ये १३७ मिनिटांचा होता, नंतरची विशेष आवृत्ती १५४ मिनिटांची आहे. नायिका रिप्लीच्या मुलीचा उल्लेख फक्त या दुसऱ्या आवृत्तीत येतो. वसाहतीत एकट्या वाचलेल्या छोट्या न्यूटसाठी रिप्ली जीव का धोक्यात घालते, यावरचा वाद त्यामुळे पार बदलतो. हिंदी डबिंगवर विसंबू नका. ओठांच्या हालचालीशी जुळवताना वाक्यं बदलतात, आणि नेमका नियम सांगणारं वाक्यच बदललेलं असू शकतं.

प्रत्येकाने फार तर दोन हरकती लिहून आणाव्यात. प्रत्येक हरकतीत तीन गोष्टी हव्यात: कुठला भाग आणि कितवं मिनिट, कुठला नियम मोडला, आणि तो नियम सांगितला कोणी. तिसरा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही आणि खरी चुरस तिथेच असते.

नियम म्हणजे सिनेमाने स्वतः घालून दिलेला नियम. लोकल उडते असं पहिल्या भागात दाखवलं तर उडू द्या. पण ती फक्त ठाणे ते वाशीच उडते असं सांगितलं, आणि दुसऱ्या भागात कारण न देता पनवेलला उतरली, तर हरकत घ्या.

आता टर्मिनेटरच घ्या. १९८४ च्या भागात भविष्यातून आलेला सैनिक काईल रीस सांगतो की कालप्रवासाच्या यंत्रातून निर्जीव काही जात नाही. म्हणून तो उघडा येतो, आणि टर्मिनेटरच्या धातूवर जिवंत मांस चढवलेलं असतं. १९९१ च्या भागातला नवा मारेकरी यंत्रमानव टी-१००० मात्र निव्वळ द्रवरूप धातू आहे. तो कसा आला? सिनेमा सांगत नाही. हरकत पक्की वाटते. पण पहिल्या भागातला तो प्रसंग पुन्हा लावा. कारण विचारल्यावर रीस स्पष्ट म्हणतो की यंत्र त्याने बनवलेलं नाही. म्हणजे हा नियम एका सैनिकाची साक्ष आहे. बचाव पक्ष इथे टिकतो, अर्थात पूर्ण सुटत नाही, कारण दुसऱ्या भागात एका वाक्याने खुलासा करणं सहज शक्य होतं. आमच्या मते ही ‘रिकामी जागा’ (न दिलेला खुलासा) आहे, ‘विसंगती’ (दोन गोष्टींचा थेट विरोध) नाही.

विसंगती बघायची असेल तर काळाचा हिशोब मांडा. पहिल्या भागात काळ बंद चक्रासारखा आहे: भविष्यातून आलेला रीसच त्याला मागे पाठवणाऱ्या जॉनचा बाप ठरतो, आणि त्याने जपलेला जॉनच्या आईचा, साराचा फोटो शेवटी काढला जातो. दुसऱ्या भागात यंत्रांनी २९ ऑगस्ट १९९७ ला घडवायचा मानवसंहार टाळता येतो असं गृहीत धरून सगळी धडपड होते. टळला, तर रीसला मागे पाठवलं कोणी? हे दोन्ही हिशोब एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. फळ्यावर दोन रेघा काढून दाखवा. तोंडी सांगत बसलात तर दहाव्या मिनिटाला सगळे गोंधळतात.

नंतर लावलेली ठिगळं वेगळी मोजा. ‘स्टार वॉर्स’मधला (१९७७) डेथ स्टार, म्हणजे शत्रूचं प्रचंड अवकाशस्थानक, एका छोट्या झरोक्यातून केलेल्या माऱ्याने उडतो. याच मालिकेतल्या ‘रोग वन’ने (२०१६) सांगितलं की ती कमजोरी अभियंत्याने मुद्दाम ठेवली होती. याने मालिका दुरुस्त झाली, पण त्याचं श्रेय १९७७ च्या पटकथेला देऊ नका. उलट उदाहरणही याच मालिकेत आहे. ‘द लास्ट जेडाय’मध्ये (२०१७) प्रकाशवेगाने जहाज आदळवलं, आणि आधीच्या सगळ्या लढायांत हे कोणी का केलं नाही हा प्रश्न उभा राहिला. पुढच्या भागाने ‘लाखात एक’ अशा अर्थाच्या एका वाक्यात तो मिटवला. एका ओळीचं ठिगळ आणि अख्ख्या कथेने दिलेलं उत्तर यांना सारखे गुण देऊ नयेत.

दोष सापडला की त्याचं वजन करा. त्या जागी दुसरं कारण घालून बघा. कथा तशीच उभी राहिली तर दोष हलका. ‘द मेट्रिक्स’मध्ये (१९९९) यंत्रं माणसांपासून ऊर्जा घेतात. विश्रांतीत माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॉट उष्णता निघते, आणि तीही खाल्लेल्या अन्नातूनच येते. म्हणजे व्यवहार तोट्याचा. त्यात मॉर्फियस हे पात्र फ्यूजनचाही (अणुकेंद्रं एकत्र करून मिळणाऱ्या ऊर्जेचा) उल्लेख करतो. फ्यूजन असेल तर माणसं कशाला? दोष खरा आहे. पण ऊर्जेऐवजी ‘मेंदूची गणनशक्ती’ घातली तर नायक निओची गोष्ट जराही हलत नाही. टर्मिनेटरमधला काळाचा हिशोब असा बदलून बघा, कथाच कोसळते.

पात्रांच्या मूर्खपणाला प्लॉट होल (कथानकातलं भगदाड) म्हणू नका, पण सोडूनही देऊ नका. ‘एलियन’मध्ये (१९७९) रिप्ली विलगीकरणाचा नियम सांगून जहाजाचं दार उघडायला नकार देते आणि तिचा सहकारी अ‍ॅश ते उघडतो. ही घोडचूक का, हे पुढे कळतं: त्याला कंपनीचा गुप्त आदेश असतो. ‘प्रोमेथियस’मध्ये (२०१२) शास्त्रज्ञ परग्रहावर हेल्मेट काढतात, आणि नकाशा बनवणारी उपकरणं ज्याने सोडली तोच भूशास्त्रज्ञ वाट चुकतो. भौतिकशास्त्राचा एकही नियम मोडलेला नाही. तरी इथे दर्जा ढासळतो, कारण ही माणसं तज्ज्ञ आहेत असं सिनेमानेच आपल्याला सांगितलेलं असतं.

इथून दर्जाचा खटला सुरू करा. वळणं पात्रांच्या निर्णयामुळे येतात की योगायोगाने? नवा भाग जुनी कल्पना पुढे नेतो की फक्त मोठ्या आवाजात पुन्हा सांगतो? १९९१ चा टर्मिनेटर मारेकऱ्यालाच रक्षक करतो. म्हणूनच तर्कात एवढी गळती असून तो आजही बहुतेक सिक्वेलच्या वर आहे.

वाद बिघडतो तो सहसा एकाच प्रकाराने. अंतर्गत नियमावर हरणारा माणूस अचानक खऱ्या विज्ञानावर उडी मारतो, तिथे अडकला की दिग्दर्शकाच्या मुलाखतीवर. सूत्रसंचालकाने तिथेच थांबवावं. पडद्यावर दिसलं-ऐकलं तो पहिला पुरावा. मुलाखती आणि कादंबऱ्या दुय्यम. शेवटची पंधरा मिनिटं नोंदीसाठी ठेवा: प्रत्येक हरकतीपुढे ‘विसंगती’, ‘रिकामी जागा’ किंवा ‘आवड’ यांपैकी एक शब्द, आणि एकमत झालं नसेल तर दोन्ही बाजूंचं एकेक वाक्य. पुढचा सिक्वेल आला की हाच कागद पुन्हा काढायचा.