ग्रँट शोधायची कुठून सुरुवात करायची?

आधी गुगल बंद करा आणि एका कागदावर तीन ओळी लिहा, काम काय, कोणासाठी, आणि पैसे नेमके कशाला हवेत, कारण हे ठरलेलं नसेल तर दिसेल त्या ग्रँटला फॉर्म भरत बसाल. मग आपल्यासारखं काम करणाऱ्या संस्थांचे वार्षिक अहवाल उघडा, त्यात देणगीदारांची नावं बहुतेक वेळा छापलेली असतात, माझ्या मते याहून चांगली यादी कुठे मिळत नाही!

नाव सापडलं की पात्रता आधी वाचा, शेवटची तारीख नंतर. उदा. रोटरी या आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेच्या ग्लोबल ग्रँटला बजेट कमीत कमी ३०,००० डॉलर लागतं, शिवाय दोन देशांतले रोटरी क्लब भागीदार हवेत, म्हणजे छोट्या वाचनालयाला तिचा काही उपयोग नाही. ग्रँट देणाऱ्या संस्थेने आधी कोणाला किती दिलं तेही बघा, सगळ्यांना लहान रक्कम दिली असेल तर तुम्ही दहापट मागून काय होणार.

स्वतःच्या ट्रेनिंगसाठी हवं असेल तर पहिले एचआरला विचारा, नाहीतर कॉन्फरन्सवाल्यांना, फी माफी किंवा प्रवासखर्च बरेच जण देतात पण अर्ज खूप आधी बंद होतात. आणि फॉर्म भरायला फी मागितली तर जरा सांभाळूनच.